ध्यान कुठं आहे तुझं?

विसरायचे म्हटले तर सगळेच विसरतात. मीठ आणायला बाजारात गेलेला माणूस बाकीचे सगळे घेऊन येतो आणि मीठच विसरतो. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणारे आजोबा तर गल्लोगल्ली आहेत. त्याची कुणी तक्रार करत नाही, उलट घटकाभर करमणूक होते. राम गणेश गडकऱ्यांनी 'प्रेमसंन्यास' नाटकात विसरभोळा गोकुळ रंगभूमीवर आणला त्याला शंभरावर वर्षे होऊन गेली, तरी विसराळू माणसाला 'गोकुळ' म्हणणारे जुने लोक अजून भेटतात.

पण ज्या घरात गोकुळ रोज नांदतो, त्या घराला हे हसू फार दिवस पुरत नाही. मी गेली अठरा वर्षे अशा घरात आहे. आमच्या घरात एक नव्हे, दोन गोकुळ आहेत, हे चार वर्षांपूर्वी कळले. त्याआधी आम्ही एकालाच मोजत होतो.

पहिले म्हणजे आमचे हे. आमची कृष्णाकाठी साडेतीन एकर बागायत आहे, ऊस आणि थोडी हळद. दारात दोन म्हशी. यांच्याइतके मोटरीतले कळणारा माणूस आमच्या भावकीत दुसरा नाही. कुणाची मोटर जळो, कुणाचा फूटव्हॉल्व्ह धरेनासा होवो, बोलावणे यांना येते. रात्री-अपरात्री जातात आणि चालू करूनच परत येतात. आता हाच माणूस आपल्या रानात रात्रीच्या लाइटीला पाणी पाजायला गेला म्हणजे काय होते ते ऐका. एका सरीला पाणी लावायचे, ती भरत आली की दार मोडून पुढच्या सरीला द्यायचे, एवढेच काम. पण हातातली बॅटरी जरा मिणमिणली की ती उघडून बघायची, आतली स्प्रिंग ताणायची, मग तिची तार नीट करायची. इतक्यात सरी फुटते आणि पाणी शेजाऱ्याच्या हरभऱ्यात जाते. सकाळी शेजारी दारात उभा. बॅटरी मात्र लख्ख लागत असते.

सोसायटीचे पीककर्ज वेळेत फेडले तर व्याजात सवलत मिळते, हे यांना तोंडपाठ. पारावर चार जणांना समजावून सांगतील. पण पैसे कपाटात असताना आमचीच तारीख टळायची. लाइटबिलाचा दंड, गाडीचा विमा संपून महिना झाल्यावर होणारी आठवण, एकच पाना तीनदा विकत आणणे, कारण आधीचे दोन कुठे ठेवले ते सापडत नाहीत. पाणीपट्टी, घरपट्टी भरतो तशी आम्ही ही एक विसरपट्टी वर्षानुवर्षे भरत होतो. मी एकदा एका सालाचा हिशेब मांडला, तर त्या पैशात एक शेळी आली असती.

लोक काय म्हणत, ते सांगायला नको. आळशी, बेफिकीर, बायकोच्या जिवावर निवांत. आमच्या आत्याबाई तर यांच्या लहानपणापासून एकच वाक्य म्हणत आल्या, "ध्यान कुठं असतं रं तुझं?" शाळेत गुरुजी हेच विचारत आणि उत्तराची वाट न बघता कान पिळत. नववीत यांनी दप्तर जे टाकले ते टाकलेच.

थोरली मुलगी अगदी निराळी. हे एका जागी बसत नाहीत, तर ती बसली की उठत नाही. भांडण नाही, दंगा नाही. दाराशी बसून समोरच्या निंबाऱ्याकडे बघत राहील. "गुणाची पोर, कसलाही त्रास नाही," असे सगळे म्हणत. पुढे पाचवी-सहावीत हळूहळू तक्रारी यायला लागल्या. गणित येते पण पेपर अर्धा कोरा. वहीत पहिली दोन पाने मोत्यासारखी, पुढे नुसत्या ओळी. एका वर्षात चार कंपासपेट्या हरवल्या. हाक मारली तर "ऑं?" म्हणायची, कमी ऐकू येते की काय म्हणून कान दाखवून आणले, तर कान ठणठणीत. दूध उतू जाताना समोर उभी असायची, डोळे दुधावरच असायचे, आणि तरी दूध उतू जायचे. घरातली वडीलधारी माणसे बोलायला लागली की पोरीचे डोके शाळेत चालत नाही, आठवी झाली म्हणजे बास, स्वयंपाकपाणी शिकवा आणि उजवून टाका. तेव्हा घरात याच्या आड एकटे हेच आले. स्वतः नववीत शाळा सोडलेला माणूस, पण म्हणाले, "तिला येतंय सगळं. मला दिसतंय ते." कसे दिसते, ते यांना सांगता येत नव्हते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम नावाची सरकारची योजना २०१३ पासून आहे. तिचे पथक गाडीतून वर्षातून एकदा शाळेत येते आणि मुलांची तपासणी करते. अंगणवाडीत दोनदा येते. दात, डोळे, रक्त कमी आहे का, एवढेच ते बघतात अशी माझी समजूत होती. पण मुलाची वाढ, शिकण्यातली अडचण, लक्ष न लागणे, हेही त्यांच्या यादीत असते. त्या पथकातल्या बाईंनी मुलीला चार प्रश्न विचारले, वर्गशिक्षकांशी बोलल्या आणि चिठ्ठी देऊन आम्हाला जिल्ह्याच्या दवाखान्यात शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले. गावात लगेच कुजबुज झाली, "पोरीला येरवड्याला नेणार म्हणं." आपल्याकडे डोक्याच्या डॉक्टरचे नाव काढले की माणसे थेट येरवड्यालाच पोचतात, मधे कुठे थांबत नाहीत.

तिथल्या डॉक्टरबाईंनी घाई केली नाही. कान-डोळ्यांचे कागद बघितले. रक्त तपासले, कारण अंगात रक्त कमी असेल किंवा थायरॉइडचा दोष असेल तरी लक्ष लागत नाही आणि विसर पडतो. झोप किती, घरात भांडणतंटा आहे का, कुणाचा मार बसतो का, सगळे विचारले. एक कागद शाळेसाठी दिला, एक घरासाठी. दोन्हीकडून तेच दिसते का, हे त्यांना बघायचे होते. नुसत्या शाळेतच लक्ष नसेल तर दोष शाळेतही असू शकतो. हे बाराव्या वर्षाच्या आतच दिसू लागलेले असले पाहिजे आणि निदान सहा महिने टिकलेले असले पाहिजे, असा नियम आहे. दुसऱ्या खेपेला त्यांनी नाव सांगितले : अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर, थोडक्यात एडीएचडी. मराठीत अवधान कमी आणि चंचलता जास्त, असे म्हणता येईल. आमच्या मुलीत चंचलता नावाला नाही, तिचा प्रकार नुसत्या अवधानाचा.

मग त्यांनी आत्याबाईंना विचारले, "आजी, घरात आणखी कुणी असं होतं का?" आत्याबाईंनी यांच्याकडे बघितले. यांनी तोवर खुर्चीवरून दोनदा उठून पंख्याचे बटण तपासले होते आणि माझ्याकडचे पेन उघडून त्याची स्प्रिंग बाहेर काढली होती. बाई हसल्या. म्हणाल्या, "उंची जशी आईबापाकडून येते ना, जवळजवळ तितकंच हेही येतं. जुळ्या भावंडांचा अभ्यास करून हे कळलं आहे. तुम्हीही एकदा तपासून घ्या." हे म्हणाले, "माझं नाही हो, पोरीचं बघा." पण पुढच्या खेपेला तपासून घेतले.

त्या दिवशी परत येताना एसटीत हे गप्प होते. नेहमी कंडक्टरशीसुद्धा गप्पा मारणारा माणूस. आमचा फाटा जवळ आल्यावर एवढेच म्हणाले, "गुरुजींना सांगायला पाहिजे होतं. आता ते नाहीत."

हा आजार मोबाइलमुळे निघाला, असे पुष्कळांना वाटते. मोबाइलने लक्ष बिघडते हे खरे, पण हे त्याच्या फार आधीचे आहे. अलेक्झांडर क्रिचटन नावाच्या स्कॉटिश डॉक्टराने १७९८ साली अशा अस्थिर अवधानाबद्दल लिहून ठेवले. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांवर व्याख्याने दिली. बुद्धी चांगली असूनही ही मुले स्वतःला आवरू शकत नाहीत, असे त्याने मांडले. १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टराने मुलांना एक उत्तेजक औषध दिले, आणि दंगेखोर मुले त्याने आणखी उधळायच्या ऐवजी शांत बसून हिशेब करू लागली. काही मुले त्यांना गणिताच्या गोळ्या म्हणू लागली. १९८० साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या पुस्तकात पहिल्यांदा दंगा न करणाऱ्या, नुसते लक्ष न लागणाऱ्या मुलांनाही यात धरले. म्हणजे दाराशी गप्प बसणाऱ्या पोरीचे दुखणे शास्त्राच्या पुस्तकात यायलाही इतकी वर्षे लागली. आजही दवाखान्यात मुलगेच जास्त येतात. मुलगा दंगा करतो म्हणून त्याला कुणीतरी आणते. मुलगी कुणाला त्रास देत नाही म्हणून राहून जाते. शंभर मुलांत साधारण पाच आणि शंभर मोठ्या माणसांत दोन-तीन असे निघतात, असा अंदाज आहे. दोनशे पोरांच्या शाळेत दहा धरा.

डॉक्टरबाईंनी मला एक गोष्ट समजावली, ती मी बैलांच्या भाषेत लक्षात ठेवली आहे. बैल ताकदवान आहेत, कासरा सैल आहे. या लोकांजवळ लक्ष असते, कधीकधी आपल्यापेक्षा जास्त. ते हवे तिकडे वळवायचे आणि हवे तेव्हा थांबवायचे, तो कासरा हातात नीट येत नाही. माहिती डोक्यात असते, पण ज्या घटकेला लागते त्या घटकेला पुढे येत नाही. कर्जाची तारीख यांना कधीही विचारा, बरोबर सांगतील. त्या तारखेला सकाळी मात्र ती आठवत नाही.

विसर सगळ्यांना दिसतो. त्याच्याबरोबर आणखी पुष्कळ गोष्टी येतात आणि त्या याच्यातल्याच आहेत असे कुणाच्या मनातही येत नाही. म्हणून त्या सांगते.

पहिली वेळेची. आपल्याला न बघताही अंदाज असतो की अर्धा तास झाला असेल. यांना तो नाही. यांच्याजवळ दोनच वेळा आहेत, 'आत्ता' आणि 'मग'. पाच मिनिटे आणि दोन तास हे दोन्ही 'मग'मध्ये जातात. "आलोच पाच मिनिटांत," म्हणतात ते खोटे बोलत नाहीत, त्यांना खरेच पाच मिनिटे वाटतात. याच्याच उलट एक प्रकार आहे. चार वाजता म्हशीला बघायला जनावरांचे डॉक्टर येणार असले की सकाळपासून यांच्या हातून एकही काम होत नाही. अंगणात येरझाऱ्या घालतात, पुन्हापुन्हा घड्याळ बघतात. चारच्या कामाने सगळा दिवस गिळलेला असतो. पूर्वी मी चिडायची. आता ठरलेले काम शक्य तर सकाळी पहिलेच ठरवते.

दुसरी तंद्री. ज्याचे लक्ष लागत नाही तो एखाद्या कामात सहा-सहा तास बुडतो कसा, असे लोक विचारतात, आणि म्हणून हा सगळा बहाणा आहे असे ठरवतात. इंजिन खोलले की यांना जेवण नको, पाणी नको, लघवीलाही उठत नाहीत. कुणी हाक मारली तर ऐकू जात नाही. खांद्यावर हात ठेवला तर दचकतात आणि चिडतात. मुलीचे चित्र काढताना हेच होते. कासरा सैल असला म्हणजे बैल थांबवताही येत नाहीत, हे मला यावरून पटले.

मग मनाचे. हे कुठल्याच पुस्तकातल्या मुख्य यादीत नाही म्हणे, पण डॉक्टरबाई म्हणाल्या की बहुतेक घरांतून ऐकायला मिळते. राग येतो तो पेंढीला आग लागावी तसा, आणि विझतोही तसाच. समोरच्याच्या मनात तो चार दिवस धुमसत राहतो आणि यांना आठवतही नाही. आणि कुणी जरा टाकून बोलले तर इतके लागते की रात्र-रात्र झोप नाही. मुलीला मैत्रिणीने डब्याला बोलावले नाही, एवढ्यावर ती दोन दिवस जेवली नव्हती. आम्ही म्हणायचो, फार हळवी आहे. लहानपणापासून दिवसातून वीस वेळा 'ध्यान कुठं आहे' ऐकणारे मूल हळवे होईल नाहीतर काय होईल, असेही मला वाटते.

नजरेआड झालेली वस्तू यांच्यापुरती या जगात नसते. डब्यातली चटणी, कपाटातला नवा सदरा, ट्रंकेतले कागद, सगळे गेले. म्हणून यांचे सामान कायम पसरलेले, आणि मी आवरले की घरात वादावादी. अर्धवट कामे तर विचारू नका. गोठ्याच्या दाराला एक बिजागरी बसली, दुसरी तीन महिने खिळ्याला टांगून होती. दुसऱ्याचे बोलणे पुरे होण्याआधी तोंड घालायचे, कारण थांबले तर सांगायचे तेच विसरेल ही धास्ती. एखादी गोष्ट विचारली की आधी "काय?" म्हणायचे आणि आपण परत सांगायच्या आत उत्तर द्यायचे; कानाने ऐकलेले असते, मनापर्यंत पोचायला जरा उशीर होतो. मुलीला सदऱ्याच्या गळ्यातली चिठ्ठी टोचते, तीच टोचत राहते आणि सगळा तास त्यात जातो. रात्री लवकर झोप येत नाही आणि सकाळी उठवत नाही. अशा पुष्कळ लोकांचे शरीरातले घड्याळच मागे चालते, असे सांगतात. चालताना दाराच्या चौकटीला खांदा आपटतो, पायाला ठेच.

आणि तंबाखू. हे मला कधी सुचले नसते. यांची चंची सोळाव्या वर्षापासूनची. हिशेब करायला बसले की आधी चिमूट हवी, मगच आकडे जुळतात. तंबाखूतले निकोटिन घटकाभर डोके जागेवर आणते, म्हणून अशी माणसे तंबाखूकडे लवकर वळतात आणि त्यांची ती सुटायलाही अवघड जाते. आम्ही तिला नुसते व्यसन समजून शपथा घालत होतो. शपथा काही टिकत नव्हत्या.

इथे एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्यावी. हे दुखणे लहानपणापासूनचे असते. पन्नाशी-साठीपर्यंत बरोबर असलेला माणूस एकाएकी विसरायला लागला, ओळखीची वाट चुकायला लागला, तर ते एडीएचडी नाही. त्याचे कारण निराळे असणार आणि डॉक्टरला लवकर दाखवायला हवे. बाळंतपणानंतरचा विसर, काळजीने पडणारा विसर, दारूने येणारा विसर, यांचीही घरे निराळी आहेत. चार लक्षणे वाचून घरच्या घरी कुणाला शिक्का मारू नये. मी वर लिहिले त्यातले थोडे थोडे सगळ्यांतच सापडेल. ज्याचा संसार, शिक्षण, पैसा त्यात अडकतो, त्याची गोष्ट निराळी.

आता आम्ही काय करतो ते सांगते. 'ध्यानात ठेव' हे दोन शब्द आमच्या घरातून गेले. ध्यान डोक्यात ठेवायचेच नाही, भिंतीवर ठेवायचे. गोठ्याच्या भिंतीला काळा रंग देऊन घेतला, त्यावर खडूने आठवड्याची कामे असतात. वही केली होती, पण वही मिटली की नजरेआड. भिंत मिटत नाही. किल्ल्या, पाकीट आणि यांची रक्तदाबाची गोळी एकाच खुंटीपाशी, दाराच्या आतल्या बाजूला, उंबरा ओलांडताना डोके लागेल अशा उंचीवर. पदराला गाठ मारायची जुनी रीत आम्ही करून बघितली. गाठ दिसते, कशाची ते आठवत नाही. मोबाइलचा गजर बरा, पण नुसता गजर उपयोगाचा नाही. यांच्या आवाजात बोलून ठेवला आहे, "सरी बदला." दर वीस मिनिटांनी वाजतो. आणि एका वेळी एकच काम सांगायचे. "जाता जाता दूध घाला, येताना पेंड आणा आणि तलाठ्याकडे डोकवा" असे सांगितले तर त्यातले पहिले होते नाहीतर शेवटचे.

सोसायटीची आणि पीकविम्याची तारीख ही माझ्याकडे. त्याच्या बदल्यात मोटर, पाइप, गाडी यांतले मी काही बघत नाही. ही वाटणी झाल्यापासून विसरपट्टी जवळजवळ बंद झाली. काही जणी म्हणतात, म्हणजे शेवटी बाईवरच ओझे. खरे आहे ते काही अंशी. पण पूर्वी मी तेच ओझे चिडून वाहत होते, आणि बिजागरी लावायलाही सुतार मिळत नव्हता.

औषध फवारणीच्या बाबतीत मात्र चेष्टा नाही. यांनी एकदा तणनाशक मारलेला पंप न धुता मिरचीवर चालवला आणि अर्धा वाफा करपला. तो मिरचीवर निभावला. त्यानंतर औषधाच्या बाटल्या कुलपात, किल्ली माझ्याकडे. तणनाशकाचा पंप निराळा, त्याला तांबडा पट्टा. औषध कालवताना दुसरे माणूस शेजारी उभे पाहिजे आणि माप मोठ्याने बोलायचे. थंड पेयाच्या बाटलीत औषध ओतून ठेवणे तर कुणाच्याच घरी असू नये. असल्या माणसांना अपघात जास्त होतात हे आता सिद्ध आहे, तेव्हा रस्त्यावर गाडी चालवताना डोक्यात शिरस्त्राण हवेच.

मुलीसाठी सगळ्यात उपयोगी कोण पडले असेल तर आत्याबाई. त्यांना अक्षरओळख नाही. डॉक्टरबाईंनी सांगितले की मूल अभ्यास करताना कुणीतरी नुसते जवळ बसा, शिकवू नका. आत्याबाई शेंगा फोडत तिच्यासमोर बसतात. पंधरा मिनिटे गणित, मग पाच मिनिटे शेंगा, परत गणित. पोरीची नजर खिडकीकडे गेली की म्हातारी शेंग जरा जोरात फोडते. बोलत काही नाही. आश्चर्य वाटेल, पण एवढ्याने पेपर पुरे व्हायला लागले. वर्गशिक्षकांनी तिला पुढच्या बाकावर घेतले आणि गृहपाठ तोंडी न सांगता फळ्यावर लिहायचे मान्य केले.

औषधाचे विचारतात सगळेच. मिथाइलफेनिडेट नावाची गोळी असते, १९४४ पासून माहीत असलेली. मुलीला शाळेच्या दिवसांत दिली जाते. साधी गोळी तीन-चार तास काम करते. चष्म्यासारखे आहे, लावला तेवढा वेळ दिसते. भूक कमी होते, म्हणून गोळीआधी पोटभर न्याहारी. वजन, उंची, नाडी दर खेपेला बघतात. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती मिळत नाही आणि मिळूही नये, कुणाच्या मुलाची कुणाला देऊ नये. पहिल्या आठवड्यात मुलगी मला म्हणाली, "आई, बाईंचं वाक्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकू आलं." यांचा रक्तदाब वाढलेला असल्यामुळे आणि यांना गोळी नको असल्यामुळे यांचे भिंतीवर आणि गजरावरच चालले आहे. बाजारात बुद्धिवर्धक म्हणून ज्या बाटल्या आणि चूर्णे मिळतात, त्यांच्यावर जाऊबाईंनी पुष्कळ पैसे घातले. मी त्यातले एकही घेतले नाही आणि घेणारही नाही.

ज्यांना दवाखाना लांब पडतो त्यांनी १४४१६ या नंबरवर फोन करावा. टेली-मानस ही सरकारी सेवा २०२२ सालापासून आहे, फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते, आणि नाव सांगायची सक्ती नाही. पुढे कुठे जायचे तेही सांगतात.

राहता राहिला लग्नाचा प्रश्न. मुलगी यंदा दहावीला आहे, म्हणजे लग्न अजून लांब, पण पाहुण्यांना घाई. "हे कुठं बोलू नका, स्थळ मिळायचं नाही," असे सांगणारे पुष्कळ भेटले. माझे म्हणणे असे की माझ्या लग्नात मला कुणी सांगितले नव्हते, आणि सांगितले असते तरी मी यांनाच पसंत केले असते. फक्त पहिली चौदा वर्षे कमी भांडणात गेली असती. मुलीला तूर्त लग्नापेक्षा यंत्रशाळेची चिंता. तिला आयटीआयला जायचे आहे, मोटर वाइंडिंग शिकायला. बापलेक दोघे मिळून आताच जुनी मोटर खोलून बसतात, तेव्हा स्वयंपाक मी उशिराच करते, कारण वेळेवर कुणी जेवायला येत नाही.

जाऊबाईंच्या धाकट्यालाही पुढच्या महिन्यात जिल्ह्याला दाखवायला न्यायचे ठरले आहे. घेऊन जाणार हे. तारीख गोठ्याच्या भिंतीवर यांनीच लिहिली आहे, आणि खाली मुलीने खडूने एसटीची वेळ घातली आहे, सकाळी साडेसहा.